कॉम्प्युटरमधली अनोळखी बॅकग्राउंड प्रोसेस: ओळखायची कशी आणि काढायची कशी?



मी मूळचा यवतचा, आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. गावाकडून मला व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त येणारा फोटो म्हणजे टास्क मॅनेजरच्या स्क्रीनचा. खाली एकच प्रश्न असतो, "दादा, यातला व्हायरस कोणता?"

फोटो बघून याचं उत्तर देता येत नाही, कारण फोटोत फक्त नाव दिसतं. प्रोसेसच्या नावावरून जवळजवळ काहीच कळत नाही. मग काय बघायचं, कशाला हात लावायचा नाही आणि नको असलेली प्रोसेस कायमची कशी घालवायची, हे या लेखात बघू. पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत.

प्रोसेस म्हणजे नक्की काय?

चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे एक किंवा अनेक प्रोसेस. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे मोबाइल. मोबाइलमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची वेगळी खोली असते. एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत परवानगीशिवाय जाता येत नाही. विंडोजमध्ये बहुतेक सॉफ्टवेअर एकाच वाड्यात राहतात. तुम्ही चालवलेला प्रोग्रॅम तुमच्या बहुतेक फाइल्स वाचू शकतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड शोधू शकतो आणि तुम्हाला न दिसता चालू राहू शकतो. म्हणून लॅपटॉपवर "कोण कोण चालू आहे" हे माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

आता घाबरू नका. साध्या, स्वच्छ लॅपटॉपवरसुद्धा शंभर-दीडशे प्रोसेस सहज चालू असतात. त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला अनोळखीच असतात. अनोळखी म्हणजे व्हायरस नव्हे.

या प्रोसेस बघून घाबरू नका

सिस्टिम आयडल प्रोसेस: डिटेल्स टॅबमध्ये हिच्यापुढे ९० किंवा ९५ आकडा दिसतो आणि लोक दचकतात. हा आकडा म्हणजे प्रोसेसरचा रिकामा असलेला वेळ. जितका जास्त, तितकं चांगलं.

सर्व्हिस होस्ट, म्हणजे एस-व्ही-सी-होस्ट: ही एकाच नावाने पन्नास-साठ वेळा दिसू शकते. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर विंडोज बहुतेक सर्व्हिस वेगवेगळ्या सर्व्हिस होस्टमध्ये चालवतं. त्यामुळे गर्दी दिसते.

अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल: हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर. स्कॅन चालू असताना मशीन थोडं जड होतं.

सीटीएफ लोडर: वेगवेगळ्या भाषांचा कीबोर्ड आणि टायपिंग सांभाळणारी प्रोसेस. ही बंद केली तर मराठी टायपिंगच बिघडू शकतं.

विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर: अपडेट बसवण्याचं काम करते. अपडेट झालं की शांत होते.

आणि सी-एस-आर-एस-एस, विन-इनिट, विन-लॉगऑन, एल-सास, सर्व्हिसेस या नावांच्या खऱ्या प्रोसेसना अजिबात हात लावू नका. त्या बंद झाल्या तर मशीन निळ्या स्क्रीनवर जाईल किंवा रीस्टार्ट होईल.

गावातले प्रश्नच इथेही विचारा

गावात नवा माणूस दिसला की आपण नुसतं नाव विचारून थांबत नाही. "कुठले? कुणाचे? कुणाबरोबर आलात? काय काम काढलंत?" असं सगळं विचारतो. प्रोसेसलाही नेमके हेच चार प्रश्न विचारायचे.

प्रश्न १: कुठली?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिटेल्समध्ये जा. कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' घ्या आणि 'इमेज पाथ नेम' आणि 'कमांड लाइन' या दोन्हींवर टिक करा. आता प्रत्येक प्रोसेसची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते दिसेल.

खरा सर्व्हिस होस्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या 'सिस्टिम३२' मध्ये राहतो. कधीकधी 'सिसवाऊ६४' मध्येही असतो. तेच नाव डाउनलोड्स, टेम्प किंवा 'ॲपडेटा'मधून चालत असेल तर तो तोतया समजा. नावाचं स्पेलिंगही नीट वाचा. एस-व्ही-सी-होस्टच्या जागी एस-सी-व्ही-होस्ट ही जुनी युक्ती आहे. घाईत डोळ्याला फरक कळत नाही.

पण इथे एक काळजी घ्या. ॲपडेटामधून चालणारं सगळंच वाईट नसतं. झूम, डिस्कॉर्ड यांसारखी चांगली सॉफ्टवेअर तिथूनच चालू शकतात. म्हणून एका प्रश्नावर निकाल देऊ नका.

प्रश्न २: कुणाची?

प्रोसेसवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' घ्या. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब बघा. ही सही म्हणजे फाइल कोणत्या कंपनीने बनवली आणि नंतर तिच्यात कुणी बदल केलेला नाही याचा पुरावा. कंपनीचं नाव ओळखीचं असेल आणि सही वैध असेल तर शंका बरीच कमी होते.

विंडोजच्या स्वतःच्या अनेक फाइल्समध्ये हा टॅब दिसत नाही, कारण त्यांच्या सह्या एका वेगळ्या यादीत ठेवलेल्या असतात. अशा वेळी मायक्रोसॉफ्टचं मोफत 'प्रोसेस एक्सप्लोरर' वापरा. हे सिसइंटर्नल्स या संचातलं आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी हा संच बनवला आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली. ते फक्त मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. ऑप्शन्समध्ये 'व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स' चालू केलं की प्रत्येक प्रोसेससमोर सही तपासून दिसते. तिथेच 'व्हायरसटोटल'चा पर्यायही आहे. तो चालू केला की फाइलची खूण, म्हणजे हॅश, ऑनलाइन पाठवली जाते आणि अनेक अँटिव्हायरसचं मत एकदम मिळतं. सत्तरमधल्या एकाने लाल दाखवलं तर ती चूक असू शकते. वीस-पंचवीस जणांनी दाखवलं तर विषय संपला.

प्रश्न ३: कुणी आणली?

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये झाडाच्या फांद्यांसारखी रचना दिसते. कोणत्या प्रोसेसने कोणती सुरू केली ते त्यातून कळतं. वर्डच्या फाइलमधून 'पॉवरशेल' सुरू झालं असेल तर ती मोठी धोक्याची खूण आहे. साध्या अर्जाच्या फाइलला पॉवरशेल कशाला लागेल?

इथेच 'कमांड लाइन' कॉलम कामाला येतो. काही प्रोसेस स्वतः पूर्ण खऱ्या असतात, पण त्या दुसऱ्या फाइलला पाठीवर घेऊन चालतात. डब्ल्यू-स्क्रिप्ट, रन-डीएलएल-३२ आणि पॉवरशेल ही त्यातली नेहमीची नावं. नाव खरं, फोल्डर खरा, सहीसुद्धा मायक्रोसॉफ्टची. पण कमांड लाइनमध्ये टेम्पमधली भलतीच फाइल दिसते.

प्रश्न ४: काय करतेय?

काहीच उघडलेलं नसताना प्रोसेसर सतत ८०-९० टक्के चालतोय, पंखा घुमतोय? स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा आणि नेटवर्क टॅब बघा. कोणती प्रोसेस नेटवरून किती डेटा पाठवतेय ते कळेल. तुमच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टो काढणारे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडताच थांबतात. म्हणजे टास्क मॅनेजर उघडला की पंखा शांत आणि बंद केला की परत सुरू, असं वारंवार होत असेल तर लक्ष द्या.

नावावर विसंबणं किती महागात पडतं?

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. द्राक्षं आणि कांद्याचे कंटेनर जिथून परदेशी जातात ते उरणजवळचं जेएनपीटी बंदर. जून २०१७ च्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं काम सायबर हल्ल्यामुळे विस्कळीत झालं. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडून चालवलं जात होतं आणि २७ जूनला 'नॉटपेट्या' नावाचा मालवेअर मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरला होता.

तो आला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे विश्वासाच्या दारातून. आणि चालत होता कशातून? विंडोजच्याच रन-डीएलएल-३२ मधून. टास्क मॅनेजरमध्ये नाव बघणाऱ्याला काहीच वावगं दिसलं नसतं. नंतर मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितलं की कंपनीला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं. आपल्या एका लॅपटॉपचं काय होईल याचा अंदाज करा.

तीन अनोळखी नावं, तीन वेगळे निकाल

आता आपल्याकडचं उदाहरण. यवतमध्ये ओळखीच्या एका झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातलं मशीन मी तपासलं होतं. दिवसभर लोकांचे आधार, पासबुक, सातबारा, कॉलेजचे फॉर्म तिथून जातात. दुकानातल्या मुलाने तीन नावं काढून ठेवली होती आणि तिन्ही उडवायची तयारी होती.

पहिली, नावात 'आरडी सर्व्हिस' असलेली प्रोसेस. फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समधला, सही बोटाचा ठसा घेणाऱ्या मशीनच्या कंपनीची. आधारच्या नियमाप्रमाणे ठसा घेणारं उपकरण नोंदणीकृत असावं लागतं आणि ही सर्व्हिस तेच काम करते. ही उडवली असती तर दुसऱ्या दिवशी कुणाचाच ठसा लागला नसता आणि म्हातारी माणसं हेलपाटे घालत बसली असती. निकाल: राहू द्या.

दुसरी, डब्ल्यू-स्क्रिप्ट. फाइल विंडोजचीच, पण कमांड लाइनमध्ये ॲपडेटातल्या एका स्क्रिप्टचा पत्ता. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून आलेला हा शॉर्टकट व्हायरस होता. तो पेनड्राइव्हमधले खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. त्यावर क्लिक केलं की पुढच्या मशीनमध्ये शिरतो. म्हणजे हॉल तिकिटाची प्रिंट काढायला आलेला प्रत्येक पोरगा तो घरी घेऊन जात होता. निकाल: मुळापासून काढा.

तिसरी, दूरवरून मशीन चालवायचं एक ॲप. सही एकदम खरी, अँटिव्हायरसलाही तक्रार नाही. कधीतरी प्रिंटर दुरुस्तीसाठी कुणीतरी ते बसवलं होतं आणि मालकाने 'हो' न म्हणता आत येता येईल असा पासवर्ड लावून ठेवला होता. तिघींमध्ये सगळ्यात धोकादायक हीच होती, कारण पासवर्ड माहीत असलेला कुणीही रात्री येऊन लोकांची कागदपत्रं बघू शकत होता. निकाल: अनइन्स्टॉल करा आणि सगळे पासवर्ड बदला.

म्हणून मी सांगतो, प्रोसेस चांगली की वाईट हे प्रत्येक वेळी अँटिव्हायरस ठरवू शकत नाही. ती तुमच्या परवानगीने आणि तुमच्या कामासाठी चालू आहे का, हे तुम्हालाच बघावं लागतं.

काढायची कशी? क्रम महत्त्वाचा

नुसतं 'एंड टास्क' दाबणं म्हणजे गवत वरून कापणं. मूळ राहिलं की परत उगवतं.

१. आधी नेट बंद करा. वायफाय तोडा, मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करा. यामुळे माहिती बाहेर जाणं थांबतं.

२. फाइलचा पूर्ण पत्ता आणि कमांड लाइन लिहून ठेवा किंवा फोटो काढा. प्रोसेस बंद केल्यावर हे दिसणार नाही.

३. सरळ सॉफ्टवेअर असेल तर सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून अनइन्स्टॉल करा. यादी तारखेप्रमाणे लावली तर नको असलेली पाहुणी मंडळी पटकन सापडतात.

४. मग प्रोसेस बंद करा आणि ती परत सुरू होण्याच्या जागा तपासा. टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप, टास्क शेड्युलर, सर्व्हिसेस आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स या मुख्य जागा. सिसइंटर्नल्सचंच 'ऑटोरन्स' यातल्या बऱ्याचशा जागा एका यादीत दाखवतं. त्यात 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' चालू करा म्हणजे यादी छोटी होईल. पण ही गाळणी मायक्रोसॉफ्टच्या सहीच्या प्रोग्रॅमआड लपलेली नोंदही कधी झाकू शकते, म्हणून टास्क शेड्युलर वेगळा उघडून बघाच. संशयित नोंदीची आधी फक्त टिक काढा, डिलीट करू नका. दोन दिवस सगळं नीट चाललं की मग डिलीट करा.

५. आता डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करा. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात स्कॅन ऑप्शन्स आणि तिथे ऑफलाइन स्कॅन. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेल्या प्रोसेसला आड यायची संधी मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

६. प्रोसेस बंदच होत नसेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने सेफ मोडमध्ये जा. तिथे फक्त गरजेच्या गोष्टी चालू असतात. मग फाइल काढता येते.

७. पेनड्राइव्हचा प्रकार असेल तर पेनड्राइव्हही स्कॅन करा. फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायचा पर्याय चालू करा. तरी दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही टिक काढा. खरे फोल्डर दिसतील. शॉर्टकट डिलीट करा.

भारत सरकारच्या सर्ट-इनचं 'सायबर स्वच्छता केंद्र'ही आहे. ते २१ फेब्रुवारी २०१७ ला सुरू झालं. सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर बॉट काढायची टूल्स मोफत मिळतात. दुसरं मत म्हणून ती वापरायला हरकत नाही.

कधी सरळ नवीन विंडोज टाकावं?

अनोळखी माणसाने मशीन दूरवरून वापरलं असेल, पासवर्ड चोरणारा मालवेअर सापडला असेल किंवा साफ करूनही प्रोसेस तिसऱ्यांदा परत आली असेल, तर झुंज देत बसू नका. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, सेटअपच्या फाइल्स मात्र घेऊ नका. मग 'रिसेट धिस पीसी' मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड' निवडा.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून. आधी ईमेल, मग बँक, मग बाकी. प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा, कारण काही मालवेअर पासवर्डबरोबर तुमचं चालू लॉगिनही चोरतात. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न थांबता १९३० ला फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. लवकर कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

परत येऊ नये म्हणून

क्रॅक सॉफ्टवेअर आणि विंडोज फुकट ॲक्टिव्हेट करणारी टूल्स टाळा. ती टाकताना "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं सांगतात. दाराची कडी काढून ठेवा म्हणणाऱ्याला घरात घेणं कितपत शहाणपणाचं?

रोजच्या वापरासाठी ॲडमिन नसलेलं साधं अकाउंट ठेवा. बरेचसे मालवेअर तिथेच अडखळतात.

अपडेट थांबवू नका. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालत असेल तर विंडोज ११ वर जा.

"पीसी फास्ट करा", "रजिस्ट्री क्लीन करा" असल्या टूल्सपासून लांब राहा. अनोळखी प्रोसेस काढायला गेलेले लोक यातूनच नव्या चार घेऊन येतात.

आणि मोबाइलचं काय?

मोबाइलमध्ये खोल्या वेगळ्या असल्या तरी चावी आपणच देतो. पीएम किसान किंवा आरटीओ चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती टाकली की ॲप एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं. ती दिली की ओटीपी गेला. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, डिव्हाइस ॲडमिन ॲप्स आणि 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' या तीन याद्या आजच बघा. अनोळखी काही दिसलं तर आधी परवानगी काढा, मग ॲप काढा आणि प्ले प्रोटेक्टने स्कॅन करा.

थोडक्यात, प्रोसेसचं नाव वाचून लगेच निकाल देऊ नका. कुठली, कुणाची, कुणी आणली आणि काय करतेय हे चार प्रश्न विचारा. चारही उत्तरं पटली तर राहू द्या. एखादं उत्तर खटकलं तर आधी नेट बंद करा आणि मग वर दिलेल्या क्रमाने कामाला लागा.